सेट झालेला आणि बसलेला

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका कार्यालयात लग्न होतं. मुहूर्त उलटून गेला होता, बाहेरच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता आणि आत दुसरी पंगत पडायची होती. माझ्या शेजारी भाचा. समोरच्या ओळीतून आमच्या जुन्या वाड्यातल्या काकूंनी त्याला हेरलं आणि भर पंगतीत विचारलं, "काय रे, सेट झालास का नाही अजून?" भाच्याने पानातली शेंगाचटणी बोटानं कडेला सारली आणि शांतपणे म्हणाला, "सेट मागंच झालोय की काकू. पण बसलोय अजून घरीच." आजूबाजूचे हसले, मठ्ठा वाढणारा पोरगाही हसला. सेट म्हणजे प्राध्यापकाच्या नोकरीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा. ती पास झाल्यावरही तासिका तत्त्वावर, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यात सीएचबीवर, तासाच्या हिशोबानं शिकवत राहणारी मुलं आता घरटी नसली तरी गल्लीगणिक आहेत. काकूंना परीक्षेबिरीक्षेचं काही देणंघेणं नव्हतं. "मग पुण्याला बघ की एखादं," म्हणून त्या भाताकडे वळल्या.

मी हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. सेट झालोय, पण बसलोय. ह्यात दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत असं त्याला वाटलं, ऐकणाऱ्यांना वाटलं, म्हणून तर हशा पिकला. मला मात्र अंधुकसं आठवत होतं की हे दोन शब्द मुळात एकच काम करतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून शब्दकोश उघडून बसणं हा माझा दुपारचा उद्योग आहे. घरच्यांच्या मते ही रिकामटेकडेपणाची हद्द आहे. त्या दुपारीही पंख्याखाली तेच केलं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात सगळ्यात लांबलचक नोंद कुठल्या शब्दाची होती, तर ह्या तीन अक्षरी 'सेट'ची. क्रियापदाचेच ४३० अर्थ, आणि सगळी नोंद मिळून साधारण ६०,००० शब्द. आपल्याकडे एखादी छोटी कादंबरी होईल तेवढा मजकूर एका क्रियापदावर. हाड सेट करतात, अंगठीत खडा सेट करतात, गाण्याला चाल सेट करतात, घड्याळाचा गजर सेट करतात, टेबल सेट करतात, सापळा सेट करतात. सिमेंट सेट होतं, जेली सेट होते, सूर्यसुद्धा सेट होतो. आग सेट करतात आणि कुत्रासुद्धा अंगावर सेट करता येतो. हे सगळं निघालं कुठून, तर 'सिट' ह्या धातूपासून. सिट म्हणजे बसणं, आणि सेट म्हणजे त्याचं प्रयोजक रूप. दुसऱ्याला बसायला लावणं.

म्हणजे बसवणं.

इंग्रजीत ही प्रयोजक रूपं करायची रीत कधीचीच मेली. तिचे थोडे अवशेष तेवढे राहिलेत. झाड 'फॉल' होतं आणि लाकूडतोड्या ते 'फेल' करतो, ही जोडी तशीच. आपण मात्र पड-पाड, निज-निजव, उठ-उठव, बस-बसव हे दिवसभर करतो आणि करतोय हे कळतही नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला सिट आणि सेट हे मायलेक आहेत हे सांगावं लागतं. मराठी पोराला बसणं आणि बसवणं ह्यांचं नातं सांगायला गेलात तर ते तुमच्याकडे बघतच राहील. मग मी ती ऑक्सफर्डची यादी पुन्हा मराठीतून वाचली. हाड बसवतात. खडा बसवतात. गाण्याची चाल बसवतात, नाटक बसवतात. गणपती बसवतात, घट बसवतात, घडी बसवतात, दार चौकटीत बसवतात, हिशोबात आकडा बसवतात. जिथे बसवणं चालत नाही तिथे लावणं धावून येतं. गजर लावतात, सापळा लावतात, आग लावतात, विरजण लावतात. (लावणे आणि लागणे ह्यांच्यावर कोणी एकदा नीट बसून लिहायला हवं. तिथे ६०,००० शब्दही पुरायचे नाहीत.)

माझ्या आजोळी बसवणं हा शब्द मुख्यतः मागांसाठी वापरला जायचा. मामांचा कारखाना साखर पेठेच्या पुढे, पूर्व भागात होता. कारखाना म्हणजे पत्र्याचा एक लांबट हॉल. सोलापुरात चादरीचे चार माग असले तरी तो कारखानाच आणि त्याचा मालक कारखानदारच. "अमक्यानं नवे सहा माग बसवले" ही बातमी मामांच्या ओट्यावर सोयरिकीच्या बातमीइतकी चघळली जायची. आवाजाचं सांगायलाच नको. त्या गल्लीत राहणाऱ्यांना माग बंद पडल्यावर जाग यायची. मला आठवतो तो तिथला जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा. तेलुगू माणूस, खाकी अर्धी चड्डी, कानामागे खोचलेली विडी, पापण्यांवर सुताचा पांढरा भुरका. जेकॉर्डवरची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या वरच्या पेटीवरची, पुठ्ठ्यांची माळ एखाद्या ठिकाणी अडली की चादरीतल्या मोराची मान मध्येच तुटायची. मग हा माणूस माग थांबवायचा, शिडीवर चढून वरच्या पेटीत हात घालायचा, एकेक हुक बोटानं दाबून बघायचा आणि पुठ्ठ्याचं भोक उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा. खाली उतरून पान्यानं कुठलीशी चाकी अर्धा आटा फिरवायची, माग चालू करायचा आणि लगेच बघायचा नाही. मान तिरकी करून ऐकायचा. खटक-खटक एका लयीत आलं की म्हणायचा, "बसलं." कधी म्हणायचा, "सेट झालं." दोन्हींत त्याला काडीचा फरक वाटत नसे. शेजारच्या कानडी बाई त्यालाच "सेट आयतु" म्हणत आणि तो स्वतः घरी जाऊन "सेट अयिंदी" म्हणत असणार. ह्या गावाला अशा चारचार भाषा एका वेळी तोंडात ठेवायची सवयच आहे.

जाता जाता एक गंमत. फ्रान्समधल्या लियाँच्या जाकारने १८०४ च्या सुमारास ही भोकाच्या पुठ्ठ्यांची युक्ती मागावर चढवली आणि पुढे सुरुवातीच्या संगणकांनी तीच उचलली. पुण्याला कॉम्प्युटरपुढे बसलेल्या आमच्या पोरांचे आजे त्याच युक्तीच्या खाली उभे राहून धोटा बदलत होते. पोरांना सांगितलं तर "हो का?" म्हणतात आणि फोनकडे बघतात.

तर, बसवणं असं अभिमानाचं होतं. पण बसणं? मामांचा धंदा पुढे बसला. हेच क्रियापद. एक काना-मात्रा न बदलता. माग बसवले तेव्हा भरभराट आणि धंदा बसला तेव्हा दिवाळं. जुनी गिरणी १८७७ साली निघाली, तिच्यामागून आणखी निघाल्या, त्यांच्या भोंग्यांवर हे गाव उठलं-जेवलं आणि एकेक करून त्या बसल्या. घर खचलं की बसलं, आवाज गेला की घसा बसला, बाजारभाव पडला की बसला, दुष्काळात जनावर उठेनासं झालं की बसलं. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात बसण्याची नोंद लांबच लांब आहे, दाते-कर्व्यांच्या शब्दकोशातही आहे. विश्वास बसणं आणि फटका बसणं एकाच छताखाली नांदतात. कोणाला त्याचं काही वाटत नाही.

आणि मग घरी बसणं. हे सगळ्यात वाईट. "काय करतो मुलगा?" "बसलाय." ह्यापुढे प्रश्न नसतो, फक्त उसासा असतो. माणूस कामावर दिवसभर खुर्चीत बसला तर तो बसलेला नाही. दिवसभर गावात वणवण करून संध्याकाळी परत आला तर मात्र तो बसलेलाच. माझा भाचा सकाळी एका कॉलेजात तास घेतो, दुपारी दुसऱ्या ठिकाणी घेतो, सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत दुचाकीवर ऊन खातो आणि नातेवाइकांच्या हिशोबात तो घरी बसलाय. उलट जुळे सोलापुरातला एक मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम खरोखर घरी बसून करतो, खोलीबाहेरही येत नाही. तो सेट आहे.

मला वाटतं, म्हणूनच आपल्याला सेट लागला. आपलं बसणं इतक्या वेळा बुडण्यासाठी, खचण्यासाठी, हरण्यासाठी वापरून झालं होतं की स्थिरस्थावर झालेल्या पोराला "बसला" म्हणायची सोय राहिली नव्हती. अपशकुनच तो. मग त्याच अर्थाचा, पण आपल्याकडे कधी दिवाळं न पाहिलेला पाहुणा शब्द आणला आणि त्याला फक्त चांगल्या बातम्या वाहायला लावल्या. बाहेरून आलेला शब्द नेहमी हौसेपोटी येतो असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. काही शब्द आपण घरातल्या शब्दाच्या जखमा झाकायला आणतो. "सेट झाला" म्हणताना आईच्या चेहऱ्यावर जी सैल पडलेली रेष दिसते ती मी कित्येकदा पाहिली आहे. त्याच आईचं घर संध्याकाळी किती रिकामं असतं तेही पाहिलं आहे. सकाळी 'हुतात्मा' एक्सप्रेसनं पोरगा पुण्याला निघाला, पिशवीत कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणीची पुडी दिली, आणि तो तिकडे सेट झाला. इकडे ती दोघं, आईवडील, बसली.

बायकांच्या बाबतीत हे व्याकरण आणखी सरळ बोलतं. मुलगा घरी बसतो. मुलीला घरी बसवतात. माझी आई अभ्यासात हुशार होती, सातवीनंतर तिला घरी बसवलं. आई हे सांगायची तेव्हा प्रयोजक रूपच वापरायची. कोणी बसवलं ते नाव मात्र वाक्यात कधी यायचं नाही. पुढे मला नोकरी लागली तेव्हा तिला विचारायला आलेल्या बायकांना तिने "सेट झाली हो" म्हणून सांगितलं होतं. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता तरी. मला त्या वेळी तिची थोडी लाजच वाटली होती. आता वाटत नाही. पहिल्यांदा तिला बसण्याखेरीज दुसरा शब्द मिळाला होता.

पुन्हा कोशाकडे येते, कारण पुढची वाट मला स्वतःलाच अनपेक्षित होती. सिट-सेटच्या मुळाशी जो धातू आहे त्याचा संस्कृत भाऊ म्हणजे सद्. आपलं बसणं त्या कुळातलं नव्हे. ते उपविश् वरून आलं, मधल्या पायरीला 'बैसणे' झालं आणि मग आखडून बसणे. म्हणजे सेट आणि बस हे कामानं सारखे असले तरी रक्ताचे नाहीत. सेटचे रक्ताचे नातेवाईक आपल्याकडे भलत्याच उंच जागी आहेत. संसद, परिषद, सदन, सदस्य, सभासद, उपनिषद. पक्ष्याचं नीड सुद्धा, आणि इंग्रजीतलं 'नेस्ट' हे त्याचंच भावंड, कारण दोन्हींचा अर्थ खाली बसायची जागा. इंग्रजांनी तो धातू स्वयंपाकघरात आणि सुताराच्या कोढीत वापरून वापरून गुळगुळीत केला. आपण तो धुवून पुसून दिल्लीला पाठवला.

एक अपवाद मात्र रोज आपल्या हातावर पडतो. प्रसाद.

प्र आणि सद्. मूळ अर्थ देवाचा नाही, पाण्याचा आहे. गढूळ पाणी थांबलं, गाळ खाली बसला, वरचं पाणी निवळलं, ते पाणी प्रसन्न. त्यावरून मन प्रसन्न, मग देव प्रसन्न, मग त्या प्रसन्नतेची खूण म्हणून हातावर पडलेला साखरफुटाणा. पाणी निवळायला निवळीचं बी उगाळून घालायचे, तिला संस्कृतात 'अंबुप्रसादक' म्हटलंय. पाण्याला प्रसन्न करणारी. हे वाचलं आणि मी मोठ्यानं हसले. पाणी बसवून ठेवणं सोलापूरकराला कोणी शिकवायचं? नळाला पाणी रोज येत नाही म्हणून आमच्याकडे हौद आहे, त्याच्याजवळ निळं बॅरल आहे, मोरीत दोन घागरी आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी मातकट आलं की आई तुरटीचा खडा दोऱ्याला बांधून बॅरलमध्ये गोल गोल फिरवायची. दोरा आवळत जायचा, पाण्यात आधी ढग उठल्यासारखं व्हायचं. मग कोणी हात घालायचा नाही. संध्याकाळी तळाशी बोटभर जाड, लोण्यासारखा मऊ गाळ आणि वर स्वच्छ पाणी. "बसलं गं," म्हणायची. इंग्रजीत त्या गाळाला जो 'सेडिमेंट' शब्द आहे तोही ह्याच धातूचा, लॅटिनकडून आलेला.

आता ह्याच सद् ला प्र च्या जागी वि लावा. विषाद. गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नावच ते. आणि तिथे अर्जुन म्हणतो, "सीदन्ति मम गात्राणि". माझी गात्रं गळून चाललीत. 'सीदन्ति' म्हणजे तेच सद्, बसणं, पण खाली खाली जाणारं. म्हणजे भरभराट आणि दिवाळं एकाच क्रियापदात कोंबायची खोड मराठीची नाही तर! संस्कृतातही बसणारा गाळ प्रसाद देतो आणि बसणारी गात्रं विषाद. आणि गंमत अशी की अध्यायाच्या शेवटच्या श्लोकात, धनुष्यबाण टाकून तो रथात काय करतो? "रथोपस्थ उपाविशत्". उपाविशत्. ज्या उपविश् पासून आपलं बसणं आलं, तेच. दोन्ही धातू एकाच अध्यायात, एकाच माणसावर. सोप्या मराठीत सांगायचं तर गात्रं बसली आणि अर्जुन बसला.

भाच्याला फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, केवढ्या माणसाच्या रांगेत आहेस. तो दोन तासांच्या मध्ये कुठल्याशा टपरीवर होता, मागून बसचे हॉर्न ऐकू येत होते. म्हणाला, "मावशी, अर्जुन परमनंट होता."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याचा मूड बरा करायला मी त्याला तिसरी गोष्ट सांगितली. दागिन्यांचा सेट, कपबशांचा सेट, दिवाळीला पाठवतात तो चादरींचा सेट, हा सेट मूळचा वेगळाच शब्द. तो लॅटिनमधल्या 'मागोमाग जाणं' ह्या क्रियापदावरून फ्रेंचमार्गे आला, अर्थ एकामागून चालणारी मंडळी. बसवण्याच्या सेटशी त्याचा मुळात संबंध नाही, आवाज सारखा म्हणून दोघे इंग्रजीत एकमेकांत मिसळून गेले. आणि त्या मागोमाग जाणाऱ्या धातूचा संस्कृत भाऊ सच्, त्यापासून सचिव. सोबत असणारा तो सचिव. आणि तुझी सेट तर आद्याक्षरांची, तिला आई ना बाप. "म्हणजे सचिवांनी जागा भरायची फाइल पुढे सरकवली की मी सेट," तो म्हणाला, आणि तास आहे म्हणून फोन ठेवला.

ऑक्सफर्डमध्ये सेटचा पहिला नंबर आता राहिलेला नाही हे त्याला सांगायचं राहिलं. तिसऱ्या आवृत्तीसाठी काम करताना पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने एका क्रियापदाला भिडले होते, आणि त्याचे ६४५ अर्थ निघाले. ते क्रियापद म्हणजे 'रन'. धावणं. गाड्या, यंत्रं, कारखाने, कॉम्प्युटरमधले प्रोग्रॅम, सगळंच तिकडे धावतं. हे वाचून मला आमच्या गावाची आणखी एक खोड लक्षात आली. आपल्याकडे यंत्र धावत नाही. चालतं. माग चालतो, गिरणी चालते, घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाणं चालतं, घर चालतं, आणि एखाद्या गोष्टीला होकार द्यायचा तर "चालतंय की". धावणं पेपरातल्या मथळ्यापुरतं.

परवा अशोक चौकाकडे काम होतं म्हणून मामांच्या ओळखीच्या एका कारखानदारांकडे डोकावले. चादरीचं त्यांनी कधीच सोडलं, आता टॉवेल काढतात. हॉलच्या एका बाजूला खडखडाट आणि दुसऱ्या बाजूला मागांवर जुनी पोती टाकलेली. कसं काय म्हणून विचारलं. "हे इकडचे चालू हायत," ते आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "तिकडचे बसलेत." मग स्टुलावरची सुताची कांडी उचलून खाली ठेवली आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही उभ्या का? बसा की. चहा सांगतो."